पाच दिवस की दहा?

कॅन्सर मेंदूत ठिकठिकाणी पसरला की पुष्कळदा सगळ्या डोक्याला किरणांचा शेक देतात. किती दिवस? दोन वेळापत्रकं जास्त चालतात. दहा दिवसांत ३० ग्रे, किंवा पाच दिवसांत २० ग्रे. ग्रे हे किरणांचं माप. दोन्हींची तुलना पुष्कळ झाली. दिवस वाढवले म्हणून आयुष्य वाढलं, असं दिसलं नाही.

कागदावर फरक पाच दिवसांचा. भामरागडहून येणाऱ्यासाठी तो मोठा होतो. शेकाची वाट वर्षानुवर्षं नागपूरची, म्हणजे तीनशेहून जास्त किलोमीटर. चंद्रपूरला आता कॅन्सर रुग्णालय उभं राहिलंय, पण तेही दूरच. शनिवार-रविवार शेक नसतो. म्हणून दहा दिवसांचे दोन आठवडे होतात आणि मधल्या सुटीत घरी जाऊन येणं जमत नाही. सोबत आलेला मुलगाही अडकतो. तिकडे रोवणी खोळंबते. पर्लकोटा नदीला पूर आला, की परतीचा रस्ताही बंद.

शेक स्वतः काही मिनिटांचा. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीची प्लास्टिक शीट चेहऱ्यावर दाबून बसवतात. ती घट्ट झाली की त्याच आकाराचा मुखवटा होतो. रोज तो चढवून डोकं टेबलाला पक्कं करतात. मग सगळे खोलीबाहेर जातात. दुखत काहीच नाही. पण पुढे केस जातात, थकवा येतो, माणूस झोपाळू होतो.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या कॅन्सरचे ५३८ रुग्ण होते. मेंदूची शस्त्रक्रिया किंवा नेमक्या गाठीवरचा शेक त्यांना शक्य नव्हता. निम्म्यांना पाच दिवसांचा शेक, स्टेरॉइड आणि शुश्रूषा. बाकीच्यांना शेकाशिवाय बाकी सगळं. पहिले साधारण ९.२ आठवडे जगले, दुसरे ८.५. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. नऊ आठवड्यांतले दोन आठवडे धर्मशाळेत जाणार असतील, तर ते कुणी ठरवायचं?

सगळ्यांना एकच माप लावू नये, हेही खरं. ज्याच्यापुढे बरेच महिने आहेत, त्याची स्मृती सांभाळायची असते. तिथे थोडा थोडा शेक जास्त दिवस देणं अनेक डॉक्टरांना बरं वाटतं. ते योग्यच आहे.

केसपेपरवर वय असतं, वजन असतं, गाठी किती तेही असतं. घर किती लांब, सोबत कोण, याचीही चौकशी व्हावी. आणि ती आजाऱ्याकडे बघून व्हावी. नाहीतर उत्तर बहुधा सोबतचा मुलगाच देतो.