दुसऱ्याच्या मणक्याचा त्याग

जाधववाडीच्या मोंढ्यात पोती वाहणारा हमाल असो की वाळूजला पाळीभर तेच नटबोल्ट आवळणारा कंत्राटी कामगार, त्याच्या दुखण्यातून रक्त येत नाही. ओझ्याने मणक्यांमधली गादी सरकते, नस दबते आणि कळ कमरेतून पोटरीत उतरते. मनगट तेच ते वळत राहिलं की आतल्या चिंचोळ्या वाटेत नस आवळते, रात्री बोटांना मुंग्या येतात. न दिसणाऱ्या या दुखण्यावर आपल्याकडे उत्तर तयार असतं: काम हीच पूजा, फळाची आशा धरू नये. सांगणाऱ्याने पोतं उचललेलं नसतं, हा भाग वेगळा. पण गीतेचा हा आधार अर्धवट आहे. तिसऱ्या अध्यायात कृष्ण कर्माचं एक अगदी व्यावहारिक कारण देतो: त्याविना शरीराचा निर्वाहही होणार नाही. ज्या कामाने शरीरच कामातून जातं, त्याला हा युक्तिवाद लागू कसा पडेल? सहाव्या अध्यायात आहार-झोपेसारखे कष्टही बेताचे सांगितले आहेत. शेजारच्या नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी मराठीत आणलेली गीता ती हीच.

देह नाशवंत आहे, असं कोणी म्हणेल. तसं असेल तर त्या देहाच्या कष्टांतून निघणारा नफा आणखी क्षुल्लक. तो सोडा, असं मात्र कोणी सांगत नाही. याहून वजनदार आक्षेप असा, की हमालाला आपल्या ताकदीचा अभिमान असतो आणि जादा खेपा तो स्वतःहून करतो. अभिमान खरा आहे. पण मजुरी पोत्यावर मोजली जाते, तिथे विसावा म्हणजे बुडालेली मजुरी. अजिंठ्याच्या भिंतींवर ज्याचं चरित्र रंगवलं आहे, त्या बुद्धानेही उग्र देहदंड करून पाहिला. तो निरर्थक वाटल्यावर त्याला उठून जाता आलं, कारण त्याच्या खेपांचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं. त्याग ज्याचा त्यानेच करायचा असतो. दुसऱ्याच्या मणक्याचा त्याग ना व्यापारी करू शकतो, ना प्रवचनकार. १९४८च्या कारखाना कायद्याला हे कळलं होतं. इजा होईल इतकं जड ओझं उचलायला लावण्यास त्याच्या ३४व्या कलमाने मनाई केली, आणि कामगार राजी आहे का, हे त्यात विचारलेलंच नव्हतं. मात्र ते कलम ओझ्यापाशी थांबलं. नटबोल्ट आवळणारं मनगट जड असं काही उचलतच नाही, त्यामुळे त्याच्या आवळलेल्या नसेला त्या कलमात जागा सापडली नाही.