वहीबाहेरचा आकडा

दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. भात झोडून झालेलं असतं, गावात काम उरत नाही. उचल घेतलेली कुटुंबं पोराबाळांसकट भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब हंगामाच्या शेवटी. वही मालकाची, लिहिणारा मालकाचा. किती विटा पडल्या आणि उचल किती फिटली हे ती वही सांगते, आणि पुष्कळदा तिच्यात उचल फिटलेलीच नसते. मग पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी.

उत्तर-आधुनिक विचाराची परीक्षा मला या वहीपाशी घ्यावीशी वाटते. ल्योतारने १९७९ साली महाकथनांवरचा, म्हणजे साऱ्या जगाला एकच सत्य लागू करणाऱ्या मोठ्या कथनांवरचा, विश्वास उडाल्याचं मांडलं, फुकोने ज्ञान आणि सत्ता यांचं साटंलोटं दाखवलं. ख्रिस्ती माणसानेही त्यांचं ऋण मानावं. वही कोण लिहितो, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. (कातकऱ्याला तो फुको न वाचताही ठाऊक होता, ही गोष्ट वेगळी.)

पण पुढे काय? मालकाचं एक कथन, मजुराचं दुसरं, दोन्ही आपापल्या जागी खरी, असं म्हटलं की वाद मिटतो आणि वही जिंकते. वही खोटी आहे असं म्हणायचं तर वहीबाहेर एक खरा आकडा असावा लागतो. तो कुणी लिहिला नाही, कुणाला सिद्ध करता आला नाही, तरी विटा तेवढ्याच पडलेल्या असतात. हा सापेक्षतावाद दुबळ्याची बाजू घेतो खरा, पण दुबळ्याच्याच हातातली एकुलती एक गोष्ट काढून घेतो.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याला हे नेमकं कळलं होतं. मजुराने कर्ज वेठीचं असल्याचं सांगितलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ सावकारावर टाकतं. लेखणी कुणाच्या हातात आहे हे कायदा ओळखतो, पण म्हणून सत्याचा नाद सोडत नाही. ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवले ते या कायद्याच्या बळावर.

या खऱ्या आकड्याची कुणाला पर्वा आहे? बायबलचं उत्तर सरळ आहे: देवाला. आमोस हा गुरं राखणारा संदेष्टा खोट्या मापांवर आणि गरिबाला जोड्यांच्या मोलाने विकणाऱ्यांवर तुटून पडतो. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरीच देवाकडे ओरडते. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला आहे, ही शिकवण भट्टीवर उभं राहून वाचली की तिचा अर्थ उमगतो. कातकऱ्याची किंमत गावाने ठरवलेली नाही, म्हणून गावाला ती कमीही करता येत नाही. ‘त्यांची राहणीच तशी, त्यांना शाळा नकोच असते’ हे शहाणपण मी सुशिक्षितांच्या तोंडून ऐकलं आहे. संस्कृतीचा आदर म्हणून ते खपवलं जातं.

मात्र देव मानल्याशिवाय न्यायासाठी लढता येत नाही, हा दावा तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यातच खोटा ठरला आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणाऱ्या लग्नगड्यांना १९४५ च्या वारली उठावात उभं केलं ते गोदावरी परुळेकरांनी, आणि त्या कम्युनिस्ट होत्या. पण त्यांच्याजवळही महाकथन होतंच. वेठ तलासरीत वाईट आणि दुसरीकडे चालेल, असं त्यांना वाटत नव्हतं. ज्यांनी कुणाला सोडवलं, त्यांतला सापेक्षतावादी मला तरी सापडलेला नाही.

महाकथनाची भीती मात्र निराधार नाही. गोव्यात १५६० साली सुरू झालेल्या धर्मन्यायालयाने (इन्क्विझिशनने) छळ केला तो सत्याच्याच नावाने. ते आठवल्यावर ख्रिस्ती लेखकाने आवाज खाली आणावा हे उत्तम. पण त्या छळाला पाप म्हणायलाही मोजपट्टी लागते, आणि ती ख्रिस्ताच्या वधस्तंभाने चर्चलाही लावली आहे. सत्याचा दावा करणारा तिथे मारणारा नाही, मारला गेलेला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण चर्च सांगतं एवढ्यावरून एखादं मत मानायला त्या तयार झाल्या नाहीत. सत्य आहे असं मानणं आणि ते आपल्या खिशात आहे असं मानणं, यांतलं अंतर त्यांनी जगून दाखवलं. आमच्या धर्मगुरूंनी आणि आम्ही सामान्य ख्रिस्ती जनांनीही ते अजून पुरतं शिकलेलं नाही.

यंदा घर बांधायला काढलं असेल, तर विटेचा भाव ठरवताना भट्टीवाल्याला आणखी एक गोष्ट विचारा: मजुरांच्या उचलीचा हिशेब लेखी आहे का, आणि त्याची प्रत त्यांच्या हातात आहे का?