‘येतो’ म्हणून जाणाऱ्यांविषयी

उन्हाळ्याची सुटी लागण्याच्या सुमारास एके सकाळी आम्ही नांदेडच्या रेल्वे स्थानकावर उभे होतो. अमृतसरकडे जाणारी सचखंड एक्सप्रेस फलाटास लागली होती. तिच्या एका डब्यापाशी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींचा घोळका होता. बरोबरचे शिक्षक हातातली यादी पुनःपुन्हा वाचून डोकी मोजीत होते. मुले उत्तरेकडची होती. वर्षभर इकडे शिकून ती आता आपापल्या घरी निघाली होती, आणि त्यांस पोहोचवावयास इकडची दोन-तीन मुले आली होती. गाडी सुटावयास थोडा अवकाश असता डब्याच्या दारातला एक मुलगा खाली उभ्या असलेल्या आपल्या सोबत्यास म्हणाला, “फिर मिलेंगे.” खालचा मुलगा काही क्षण बोलला नाही. मग त्याने विचारले, “कधी?”

हा प्रश्न ऐकून आसपासची मोठी माणसे हसली. आम्हीही हसलो. परंतु घरी येताना तो प्रश्न आमच्याबरोबर आला, व पुढे कित्येक दिवस गेला नाही. जे पुन्हा भेटण्याचा संभव फारच थोडा, त्यांनी एकमेकांस ‘पुन्हा भेटू’ म्हणावे हे सत्यास धरून आहे काय? आणि नसेल, तर मुलांस आपण लहानपणीच एक गोड असत्य शिकवितो असे होत नाही काय?

ही मुले नवोदय विद्यालयाची होती. ज्या वाचकांस ठाऊक नसेल त्यांच्याकरिता थोडे सांगतो. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणान्वये जिल्ह्याजिल्ह्यांतून ही निवासी विद्यालये निघाली. त्यांतील निदान 75 टक्के जागा खेड्यांतील मुलांकरिता असतात. नांदेड जिल्ह्याचे विद्यालय शंकरनगर येथे आहे, लातूर जिल्ह्यासही आपले आहे. हिंदी बोलणाऱ्या प्रांतांतील व इतर प्रांतांतील विद्यालयांच्या जोड्या लाविलेल्या असून, नववीच्या वर्गातील सुमारे 30 टक्के मुले एक वर्षापुरती एकमेकांच्या शाळेत जाऊन राहावीत अशी योजना आहे. बिलोलीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा ज्वारीची भाकरी सोडून वर्षभर गव्हाची रोटी खातो, आणि तिकडचा मुलगा येथे येऊन ठेच्याने डोळ्यांत पाणी आणतो. वर्षाच्या अखेरीस दोघेही परत फिरतात. योजना उत्तम आहे. तिच्या कागदांत मुलांनी यावे कसे, जावे कसे, कोणती भाषा शिकावी, हे सर्व लिहिलेले असते. निरोप कसा घ्यावा हे मात्र कोणत्याही योजनेत लिहिता येत नाही.

आता शब्दांकडे पाहू. आपल्याकडे घरून निघणारा मनुष्य ‘जातो’ म्हणत नाही. चुकून म्हटलाच, तर आतून आजीचा आवाज येतो, “जातो काय म्हणतोस? येतो म्हण.” कारण ‘गेला’ हा शब्द आपण मेलेल्या मनुष्याकरिता राखून ठेविला आहे. देगलूरकडे तेलुगू बोलणारा शेजारी ‘वेळ्ळि वस्तानु’ म्हणतो, निलंगा-उदगीरच्या सीमेपलीकडला कानडी बोलणारा ‘होगि बर्तेने’ म्हणतो; दोहोंचा अर्थ एकच, जाऊन येतो. चिनी लोक निरोप घेताना ‘त्साय-च्येन’ म्हणतात, आणि त्याचाही अक्षरशः अर्थ ‘पुन्हा पाहणे’ असाच आहे. एकमेकांची भाषा ज्यांस एक अक्षर कळत नाही अशा लोकांनीही दाराशी उभे राहून हेच म्हणावे, ह्यावरून एवढे तरी दिसते की ही कोणा एका जातीची लबाडी नव्हे.

आमच्या ओळखीचे एक शिक्षक आहेत, वृत्तीने कडक व सत्यप्रिय. त्यांचे मत असे की, मुलांस हे खोटे बोलावयास लावूच नये. पाहुणी मुले पहाटे, बाकीची निजलेली असता, गुपचूप रवाना करावीत. म्हणजे रडारड नाही आणि खोटी वचनेही नाहीत. आम्हांस हे मुळीच पटले नाही. जो जातो त्यास पुढे रस्ता असतो, खिडकी असते, घरी आई वाट पाहत असते. जो मागे राहतो त्यास तीच खोली, तीच घंटा, आणि शेजारची रिकामी खाट. पहाटे उठून त्याने त्या खाटेवरची गुंडाळलेली वळकटी पाहावी आणि मित्र गेला हे तीवरून जाणावे, ह्यात सत्य कोणते राखले? उलट, ज्याचे दुःख मोठे त्याच्याच हातून निरोपाचा हक्क काढून घेतला. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले वसतिगृहात आहेत, किंवा जे स्वतः वसतिगृहात वाढले, त्यांस ह्याविषयी अधिक सांगावयास नको.

स्पष्ट बोलून निरोप घेता येतो हेही खरे. प्रेषितांच्या कृत्यांत पौल मिलेत येथे इफिसच्या वडिलांस बोलावून घेतो आणि आपले तोंड तुम्ही पुन्हा पाहणार नाही असे त्यांस उघड सांगतो. ते त्याच्या गळ्यात पडून रडतात, व त्या रडण्याचे मुख्य कारण तेच वाक्य होते असे लेखक मुद्दाम नमूद करितो. तथापि ते त्यास पहाटे चोरून जाऊ देत नाहीत, तारवापर्यंत पोहोचवितात. परंतु पौलास पुढे काय आहे ह्याची जाणीव होती. पंधरा वर्षांच्या मुलास ती नसते. ‘आपण पुन्हा कधीही भेटणार नाही’ असे त्याने म्हणावे, तर तेही त्यास ठाऊक नसलेलेच बोलणे होय.

चीनचा उल्लेख वर आलाच आहे, तेव्हा लातुराहून फार दूर नसलेल्या सोलापूरच्या एका गृहस्थांची आठवण होते. डॉक्टर द्वारकानाथ कोटनीस हे 1938 च्या सप्टेंबरात मुंबईहून बोटीने चीनला गेले. जपानी आक्रमणाने त्रस्त झालेल्या त्या देशाच्या साहाय्यास राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टर धाडिले, त्यांपैकी हे एक. बाकीचे चौघे मागेपुढे परत आले. कोटनीस राहिले. वडील वारल्याची बातमी त्यांस तिकडेच कळली, तरी ते परतले नाहीत. 1941 मध्ये त्यांनी क्वो छिंग-लान नावाच्या परिचारिकेशी विवाह केला. मुलाचे नाव यिन-ह्वा ठेविले, त्यातील एक अक्षर भारताचे व एक चीनचे. मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता तोच, 9 डिसेंबर 1942 रोजी, 32 वर्षांचे असता ते वारले. त्यांची समाधी चीनमध्ये शिजियाझुआंग येथे आहे.

सोलापुरास त्यांच्या घरच्यांनी त्यांस निरोप दिला तेव्हा मराठी घरात जे म्हणतात तेच म्हटले गेले असेल असे आम्ही धरून चालतो. ते आले नाहीत. म्हणून त्या घरास कोणी फसविले असे म्हणणारा मनुष्य आम्हांस अजून भेटावयाचा आहे. उलट, पुढे त्यांच्या पत्नी अनेक वेळा भारतात येऊन कोटनीस कुटुंबास भेटून गेल्या, आणि चीनचे मोठे पुढारी ह्या देशात आले म्हणजे त्या कुटुंबीयांची भेट घेण्याचा प्रघातच पडला. एकाचे येणे राहिले, ते दुसऱ्यांनी पुरे केले.

तर मग ‘येतो’ हा शब्द कोठे निर्दोष असतो आणि कोठे असत्य होतो? ह्याचा विचार करिताना आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. सांगताना संकोच वाटतो, पण दुसऱ्याचे उदाहरण घेणे त्याहून वाईट.

अकरावी-बारावीची दोन वर्षे आम्ही लातुरास गंजगोलाईच्या मागच्या एका बोळात खोली घेऊन राहिलो. आजही हजारो मुले शिकण्याकरिता लातुरास येतात, खोल्या घेतात, डबे लावतात आणि दोन वर्षांनी पांगतात; तसेच आमचेही. घरमालकीण एक वृद्ध विधवा बाई होत्या. भाडे त्या कडक घेत. परंतु परीक्षेच्या दिवसांत पहाटे चारला चहाचा पेला दाराशी ठेवून जात, आणि दार मात्र वाजवीत नसत, अभ्यास मोडेल म्हणून. निघण्याच्या दिवशी आम्ही त्यांच्या पाया पडलो व म्हणालो, “आजी, येतो.” एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पण त्यांचे डोळे भरलेले पाहून आम्हांस राहवले नाही, आणि आम्ही पुढे म्हणालो, “दिवाळीला नक्की येतो. तुमच्या हातच्या करंज्या खायला.”

त्या दिवाळीस आम्ही गेलो नाही. गावी गेलो, मित्रांत रमलो. खरे सांगावयाचे तर आठवणही झाली नाही. चार वर्षांनी कामानिमित्त लातुरास गेलो असता त्या बोळात शिरलो. घरास कुलूप होते. शेजारच्या बाईंनी आम्हांस ओळखले. आजी आदल्या वर्षी वारल्या होत्या. आणि मग सहज, काही दोष द्यावयाचा हेतू नसता, त्या बाई म्हणाल्या, “त्या दिवाळीत तुमच्यासाठी करंज्यांचा डबा काढून ठेवला होता. भाऊबीज होईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.”

आमचे ‘येतो’ त्यांनी केव्हाच माफ केले असते. सर्वच भाडेकरू तसे म्हणून जात होते, आणि त्या काही भोळ्या नव्हत्या. खोटे ठरले ते ‘दिवाळीला’ आणि ते ‘नक्की’. ‘येतो’ ही रीत आहे. ती ऐकून कोणी पाट मांडून बसत नाही. दिवस सांगितला की मनुष्य दिवस मोजू लागतो. निरोपाच्या वेळी ज्याचे डोळे भरून येतात तो ह्या भेदाकडे लक्ष देत नाही, आणि समोरच्याचे दुःख त्या क्षणापुरते हलके करण्याकरिता पुढच्या वर्षाचे कर्ज काढून मोकळा होतो. हे कर्ज दुष्टपणाने नव्हे, दयेनेच काढिले जाते, हीच त्यातील अडचण. मुलांस सत्य शिकवावयाचे असेल तर येथे शिकवावे: येतो म्हण, रड, मिठी मार; पण दर रविवारी बोलेन असे म्हणण्यापूर्वी, पुढच्या दहा रविवारी तू कोठे असशील ते मनात मोजून पाहा. पूर्वी पत्र न लिहिणाऱ्यास टपालावर खापर फोडण्याची सोय होती. घराघरात मोबाइल आल्यापासून तीही राहिली नाही.

ह्या विचारात एक बाजू मात्र आमच्याकडून बरेच दिवस सुटली होती. ‘येतो’ हा शब्द एकट्याने उच्चारावयाचा नाही. जाणारा ‘येतो’ म्हणतो तेव्हा राहणारा त्यास उत्तर देतो, ‘या’. लहान असेल तर ‘ये’. आपण दोन्ही शब्द इतके सवयीने बोलतो की दुसऱ्याचा अर्थ ऐकतच नाही. जाणाऱ्याच्या हाती पुढचे काहीच नसते; नोकरी, लग्न, आजार, युद्ध, काय वाटेत येईल ते तो जाणत नाही. राहणाऱ्याच्या हाती मात्र दार असते. तू केव्हाही आलास तरी हे दार तुला बंद असणार नाही, असे तो म्हणतो, आणि हे वचन त्यास पाळता येण्याजोगे असते. त्या वृद्ध बाईंनी ते पाळले. डबा भाऊबीजेपर्यंत राखून ठेविला.

नांदेडच्या फलाटावर त्या सकाळी पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. “कधी?” ह्या प्रश्नास डब्यातल्या मुलाने उत्तर दिले नाही. देण्याचा प्रयत्नही केला नाही. नुसता ओशाळून हसला, व आम्हांस आता वाटते की तो आमच्याहून शहाणा होता. शिट्टी झाली. गाडी हलली तसा तो वर्षभरात शिकलेल्या आपल्या मराठीत, क्रियापदावर नको तेथे जोर देऊन, ओरडला, “येतो रे!” खालचा मुलगा गाडीबरोबर चार पावले चालला. मग शिक्षकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेविला तसा तो थांबला, आणि गाडीच्या आवाजात ऐकू जाईल की नाही ह्याची पर्वा न करिता, साध्या आवाजात म्हणाला, “ये.”