पत म्हणजे किती गुण?

मराठीत ‘पत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, बाजारात उधार मिळण्याची ताकद. दुसरा, माणसाची अब्रू. जळगावच्या सराफ बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर ‘त्याची पत गेली’ असं कुणी म्हटलं, की दोन्ही अर्थ एकदमच अंगावर येतात. त्याला कुणी उधार देणार नाही आणि कुणी मानणारही नाही. पण हे दोन अर्थ खरोखर एकच आहेत का?

आता हा निवाडा ३०० ते ९०० मधला एक आकडा करतो. २००० साली सुरू झालेल्या सिबिलखेरीज आणखी तीन कंपन्या तो काढतात; आपण सगळ्यांना मिळून ‘सिबिल’च म्हणतो. ७५० च्या वर असलेल्याला कार्ड घ्या म्हणून फोन येतात. ६०० च्या घरातल्याला अर्ज नाकारल्याचा मेसेज येतो आणि तो मेसेज त्याला आपल्या चारित्र्याचा दाखला वाटू लागतो.

आकड्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. जुना सावकार माणूस ओळखायचा हे खरं. पण माणूस ओळखायचा म्हणजे जातही ओळखायचा. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्लांच्या जमिनी कर्जापायी दुसऱ्यांच्या नावावर गेल्या. त्या परत मिळवण्यासाठी १९७० च्या दशकात शहाद्यात, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेला लढावं लागलं. आकडा काढताना आडनाव विचारलं जात नाही. ही सुधारणा लहान नाही.

बँकेचा सावधपणाही नुसता कोरडेपणा नव्हे. ती दुसऱ्याचे पैसे देते. ते बुडाले की काय होतं, हे खान्देशाला सांगायला नको. भाईचंद हिराचंद रायसोनी ही जळगावची मल्टिस्टेट पतसंस्था कोलमडली, तेव्हा असंख्य ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. मात्र त्यातून एक उलटा प्रश्नही उभा राहतो. कर्जदाराचा गुणांक घरबसल्या कळतो. ज्याच्याकडे ठेव ठेवायची, त्याचा असा आकडा सामान्य ठेवीदाराच्या हाती कुठे असतो?

आणि आकड्याला कारण कळत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली. हप्ता किती दिवस चुकला हे अहवालात महिन्यागणिक, ३६ महिन्यांपर्यंत दिसतं. का चुकला, याला रकाना नाही. पीक गेलं म्हणून थकलेला आणि पैसे असून बुडवणारा, दोघे एकाच ओळीत बसतात. तडजोड करून खातं मिटवलं, तरी ‘सेटल्ड’ हा शेरा मागे उरतोच. पीककर्जासाठी शेतकऱ्याकडे सिबिल मागू नका, असं २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना बँकर्स समितीच्या बैठकीत बजावावं लागलं, ते यामुळेच.

मग गुण कमी असलेल्याने चांगलं कार्ड कसं मिळवावं? रस्ता साधा आहे. आधी अहवाल पाहावा; प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. चूक असेल तर तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. मग मुदत ठेवीवर मिळणारं, वार्षिक फी नसलेलं कार्ड घ्यावं, थोडंच वापरावं आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरावं. चार ठिकाणी अर्ज टाकत सुटू नये. प्रत्येक चौकशीची नोंद होते.

यातली मेख मात्र ओळखावी. ठेव ठेवून मिळालेलं कार्ड म्हणजे विश्वास नव्हे. ते तारणच, सोनं गहाण ठेवण्यासारखं. ज्याच्याकडे ठेवायला काहीच नाही, त्याला विश्वास कमावण्याची पहिली पायरीसुद्धा मिळत नाही. आणि बिलावरची ‘किमान रक्कम’ भरून भागलं असं समजणाऱ्याचा घात तिथेच होतो. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४० च्या वर व्याज. ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. आपल्याकडच्या जुन्या ‘दामदुपटी’च्या नियमात थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे. म्हणजे देणाऱ्याच्या लोभालाही मर्यादा असते, हे आपल्या कायद्याला कधीकाळी मान्य होतं.

अब्रू या अर्थाची पत दोन्ही बाजूंनी असते. घेणाऱ्याने परत करावं, आणि देणाऱ्याने त्याच्या अडचणीवर धंदा करू नये. गुणांक यातली पहिलीच अट मोजतो आणि तेवढ्यापुरता तो उपयोगाचा आहे. म्हणून हप्ते वेळेवर भरावेत, आकडा सुधारावा. पण ६२० गुण आले म्हणून मान खाली घालू नये. तो हप्त्यांचा हिशेब आहे, माणसाचा नव्हे.