सोसणे आणि सांगणे



एखाद्या वयोवृद्ध आजीच्या अंत्यविधीला कुणी दोन शब्द बोलायला उभे राहिले, की पुढचे वाक्य आपल्याला आधीच ठाऊक असते. "तिने आयुष्यभर खूप सोसले, पण कधी तक्रारीचा शब्द काढला नाही." बोलणाऱ्याचा गळा दाटून येतो, ऐकणारे डोळे पुसतात. त्यात खोटे काही नसते. काष्टा मारून वाडीत पाणी धरणारी, पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुले घेऊन मुंबई गाठणारी, परत येऊन पुन्हा चुलीपुढे बसणारी आजी आपल्या प्रत्येक घरात होऊन गेली. काही घरांत ती अजून आहे.

तरीही त्या वाक्यापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. सोसणे हा सद्गुण आहे का? की आपण दुसऱ्याच कशाला तरी सद्गुणाचे नाव देऊन मोकळे होतो? प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, पण तो आपल्या ओटीवर बसलेल्या माणसाचा आहे, म्हणून रविवारच्या या पानावर घेत आहे.

उदाहरणासाठी आपल्याच गावची बाई घेतली तर शेजारीपाजारी अंदाज बांधत बसतील. म्हणून खानदेशात जाऊ. बहिणाबाई चौधरी आपण शाळेच्या पुस्तकात वाचल्या आहेत. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींकडे आल्या. तिशीच्या सुमारास पती नथुजी वारले. पदरात ओंकार, सोपानदेव आणि काशी ही मुले. त्यांतल्या ओंकारला प्लेगने कायमचे अपंगत्व आले. शेती पावसावर आणि विहिरीवर, आणि त्या काळच्या विधवेला समाजात मान किती होता हे सांगायला नको. पुढची चाळीस वर्षे या बाईने घर आणि शेत धरून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ रोजी, वयाच्या ७१व्या वर्षी त्या वारल्या. त्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचे होते. बालमृत्यूंमुळे तो आकडा इतका खाली होता हे खरे, तरी शेतात राबणाऱ्या बाईने सत्तरी ओलांडणे ही मोठीच गोष्ट होती.

आता त्यांच्या सोसण्याकडे नीट पाहा. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. पण पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, विहिरीवरची मोट, जाते, चूल, माहेरची वाट, सुगरणीचे घरटे या सगळ्यांवर त्या आपल्या बोलीत ओव्या रचत आणि काम करता करता म्हणत. वैधव्यावरही त्यांचे गाणे आहे. त्यात त्या काय गेले ते सांगतात आणि मागे काय उरले त्याचाही हिशेब मांडतात. सांत्वनाला जमलेल्या बायाबापड्यांना तर त्या स्पष्ट बजावतात, की माझी दया करू नका. दुसऱ्या एका गाण्यात भविष्य सांगायला आलेल्या ज्योतिषाला त्या दारातूनच परत पाठवतात. नशीब काय ते मला कळले आहे, तू सांगू नकोस, असा त्यांचा रोख आहे.

म्हणजे "कधी तक्रारीचा शब्द काढला नाही" हे वाक्य बहिणाबाईंना लागू पडत नाही. त्यांनी शब्द काढला, आणि चांगला खणखणीत काढला. त्या सोसत होत्या आणि सांगतही होत्या. सोपानदेव आणि त्यांचे एक भाऊबंद यांनी त्यातले जमेल तेवढे वहीत उतरवून घेतले. वहीबाहेर राहिले ते वाऱ्यावर गेले. आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. अक्षर न गिरवलेल्या या बाईचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला देण्यात आले. एक वही नसती तर आपणही म्हणालो असतो, की खानदेशात चौधरींच्या घरी एक सोशिक बाई होऊन गेली.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना धैर्याचा पाठ येतो. आम्ही तो परीक्षेपुरता घोकत असू. चढाई करणे आणि टिकून राहणे यांपैकी धैर्याचे मुख्य काम कोणते, असा प्रश्न संत थॉमस विचारतात. आपल्याला वाटेल, तलवार उपसणारा मोठा. ते म्हणतात, नाही. टिकून राहणे अधिक कठीण. त्याला ते तीन कारणे देतात. चढाई करणारा स्वतःला वरचढ समजून चाल करतो, तर टिकून राहणाऱ्यासमोर सहसा त्याच्याहून बलवान कोणी तरी उभा असतो. चढाई करणाऱ्याचे संकट अजून पुढे असते, टिकणाऱ्याच्या ते अंगावर आलेले असते. आणि चढाई एका क्षणाच्या आवेशात होऊन जाते, टिकून राहण्याला मात्र काळ लागतो.

तेराव्या शतकातल्या या विद्वानाच्या डोळ्यांपुढे शहीद होते. पण मला ही तीन कारणे वाचताना शेतावरची बाई दिसते. पाऊस तिच्याहून बलवान आहे, त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही. संकट उद्या येणार नसते, ते आज सकाळी चुलीपाशी येऊन बसलेले असते. आणि काळ? चाळीस वर्षे! एका दिवसाच्या शौर्याला पदक मिळते. रोज उठून तेच काम त्याच उमेदीने करण्याला पदक देणारे सरकार अजून निघालेले नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर संत थॉमसवर अन्याय होईल. त्यांच्या मते नुसते सहन करणे म्हणजे धैर्य नव्हे. ते कशासाठी आहे हे पाहावे लागते. समोर काही चांगले असले पाहिजे आणि माणसाने विचारपूर्वक ते धरून ठेवले पाहिजे. दगडही उन्हापावसात वर्षानुवर्षे टिकतो. त्याला आपण धीराचा म्हणत नाही. बहिणाबाईंपुढे मुले होती, शेत होते, आणि जगण्याबद्दलचे कुतूहल होते. सुगरणीचे घरटे निरखायला सवड काढणारी बाई केवळ दिवस ढकलत नसते. पुढे सहनशीलतेविषयी लिहिताना संत थॉमस आणखी एक गोष्ट नोंदवतात, जी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. गरज पडेल तेव्हा वाईट करणाऱ्याविरुद्ध उभे राहणे हे सहनशीलतेच्या विरुद्ध नाही.

इथे आपल्याला दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. अवकाळी पाऊस, विहिरीत शिरलेले खारे पाणी, अकाली मृत्यू, आजारपण यांना तोंड देणे ही एक गोष्ट. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार, सुनेला पोटाला कमी वाढणारे घर, कष्ट करून घेऊन हिशेब न देणारे भाऊ ही दुसरी. पहिलीत सोसण्याला पर्याय नसतो, म्हणून तिथे धीर लागतो. दुसरीत कोणी तरी अन्याय करीत असतो आणि त्याला थांबवता येते. दोन्हींना "सोसले" हे एकच क्रियापद लावले, की अन्याय करणारा पावसाच्या रांगेत जाऊन बसतो, जणू तोही निसर्गच! "तुझा क्रूस समजून सोस" असा सल्ला बायकांना वडीलधाऱ्यांकडून मिळत आला आहे, आणि काही वेळा धर्मगुरूंकडूनही. मार खाणाऱ्या बाईला तो सल्ला देणे चूक आहे, इतके स्पष्ट मी इथे लिहितो.

पवित्र शास्त्रातली नामी आठवून पाहा. दुष्काळात बेथलेहेम सोडून ती मवाबात गेली. तिथे नवरा वारला, दोन्ही मुलगे वारले. जवाच्या कापणीच्या सुरुवातीला ती सुनेला, रूथला, घेऊन गावी परतली, तेव्हा गावच्या बायकांनी तिला ओळखले. यावर तिने आपले नावच बदलून मागितले, कडू या अर्थाचे. भरल्या हाताने गेले आणि देवाने मला रिकामी आणले, हे तिने चारचौघींत सांगून टाकले. रूथच्या पुस्तकात तिला कोणी गप्प करीत नाही, कोणी श्रद्धा कमी पडली असे म्हणत नाही. आणि शेवटच्या अध्यायात काय घडते? बवाज गावच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवून तिच्या शेताचा प्रश्न साक्षीने सोडवतो. तिच्या धीराचे गोडवे गाऊन गाव घरी गेले नाही.

शेताचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडे येऊ. आपल्या वाड्यांना पूर्वी केळीचा, पानवेलीचा, भाजीचा भाव होता. आता जमिनीला भाव आहे. आपल्याला, म्हणजे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता नवरा वारला आणि मुले असली, तर मालमत्तेचा एक तृतीयांश वाटा विधवेचा आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांचे. त्यात मुलगा व मुलगी असा भेद नाही, दोघांना सारखे. हे शंभर वर्षांपासून कागदावर आहे. प्रत्यक्षात हक्कसोडपत्र तयार करून आणले जाते आणि आजीला, आत्याला सांगितले जाते, "इथे सही कर." सही येत नसेल तर अंगठा.

काही जण म्हणतील, "फादर, आमच्या बहिणींनी राजीखुशीने सोडले. आईला तरी या वयात जमीन काय करायची?" असेलही. भावासाठी आपला वाटा सोडणारी बहीण मोठ्या मनाची आहे, आणि असे मन आपल्या गावात आहे याचा मला आनंद वाटतो. पण देणाऱ्याला आपण काय देतो आहोत हे माहीत असेल तरच ते देणे. आपला वाटा किती, हे ज्या आईला कोणी सांगितलेच नाही, तिच्याकडून तो काढून घेतला गेला. तिने तो दिला असे म्हणता येत नाही. ज्या वाडीत तिने पन्नास वर्षे पाणी धरले त्या वाडीच्या कागदावर तिचा फक्त अंगठा उरावा, आणि मग अंत्यविधीला आपण तिच्या सोशिकपणावर बोलावे, हे मला जड जाते. स्तुती स्वस्त असते. वाटा महाग असतो, विशेषतः आजच्या दराने.

आजच्या मुलांना सहनशक्ती राहिलेली नाही, म्हणून आज्यांचे उदाहरण द्यावेच लागते, असाही एक मुद्दा असतो. तो मला मान्य आहे. मुलांनी त्या आयुष्यांकडून जरूर शिकावे. पण शिकायचे तर पूर्ण शिकावे, म्हणजे त्या काय बोलल्या असत्या हेसुद्धा.

यासाठी एक सुचवतो. युवकांनी आणि दहावी-बारावीच्या सुट्टीतल्या मुलामुलींनी एक दोनशेपानी वही घ्यावी आणि आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या आजीजवळ बसावे. ती जशी बोलते तसेच, तिच्याच बोलीत लिहावे. पुस्तकी मराठी करू नये. रहाट कसा चालायचा, बावखलाचे पाणी कसे वापरायचे, सुकेळी कशी करायची, मुंबईच्या बाजारात गिऱ्हाईक कसे हुज्जत घालायचे, हे सगळे विचारावे. कशाचा राग आला होता, कोणती गोष्ट अजून सलते, हेही विचारावे. ती सांगू लागली की "जाऊ दे आजी, झाले ते झाले" असे मध्येच म्हणू नये. पहिल्या पानावर तिचे पूर्ण नाव आणि माहेरचे गाव लिहावे. जन्मतारीख तिला आठवत नसेल, आणि ती आपल्याच धर्मग्रामातली असेल, तर मिस्सा संपल्यावर कार्यालयात यावे. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या कपाटात आहेत. आपण बरोबर शोधू.

तुमचा,
धर्मगुरू