सुलोचनाबाईंची जिजाऊ, आमची जिजाऊ

‘सुलोचनाबाईंनी अभिनय असा केलाच नाही, त्यांचा चेहराच आईचा होता.’ बुलढाण्यातल्या एका व्याख्यानात एका चित्रपट-अभ्यासकांनी हे विधान केलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सोशिकपणा, ओले डोळे आणि डोक्यावरचा पदर एवढंच भांडवल, असा त्यांचा एकूण सूर होता. जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, तिथे हे विधान बिनविरोध जावं याचं मला वाईट वाटलं. कारण भालजी पेंढारकरांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’मधली (1964) जिजाऊ सुलोचनाबाईंनी केली, आणि आमच्या आधीच्या पिढीच्या मनात जिजाऊंना चेहरा मिळाला तो बहुतेक त्यांचाच.

चेहरा मिळाला, ही अभ्यासकांच्या मते उणीव आहे. मग चेहऱ्यापासूनच सुरुवात करू. 1928 साली बेळगाव जिल्ह्यातल्या खडकलाटला जन्मलेली, शाळेची फारशी ओळख नसलेली ही मुलगी कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत आली, तेव्हा तिची बोली ऐकून लोक हसायचे. भालजींनी तिला भाषा दिली, उभं राहणं-चालणं शिकवलं आणि सुलोचना हे नावही दिलं. 1948 साली गांधीहत्येनंतरच्या दंगलीत जयप्रभा जळाला. भालजी पुन्हा उभे राहिले आणि सुलोचनाबाईही त्यांच्या चित्रपटांतून घडत राहिल्या. ज्या स्वच्छ, संथ मराठीला आपण त्यांचा स्वभाव समजतो, ती तालमीत मिळवलेली आहे. मिळवलेली गोष्ट इतकी सहज वाटू लागली की ती कोणी मोजेनासं झालं.

आता ‘सुजाता’. बिमल रॉय यांचा हा 1959 चा चित्रपट सगळे नूतनसाठी आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यातली चारू पुन्हा एकदा बघावी. अस्पृश्य मानलेल्या जातीतली अनाथ तान्ही मुलगी एका उच्चवर्णीय इंजिनिअरच्या घरी येते आणि तिथेच वाढते. चारू त्या घरची मालकीण. ती दुष्ट नाही. मुलगी उपाशी राहू नये, आजारी पडू नये, असं तिला मनापासून वाटतं. पण पाहुण्यांपुढे ओळख करून देताना ती तिला मुलगी म्हणत नाही, मुलीसारखी म्हणते. सगळा चित्रपट या एवढ्याशा अंतरावर उभा आहे, आणि ते अंतर पडद्यावर धरून ठेवण्याचं काम सुलोचनाबाईंचं आहे. मायेने पुढे झालेला हात मध्येच थबकावा आणि त्या थबकण्याची बाईला स्वतःलाच लाज वाटावी, हे आक्रस्ताळेपणाने करता येत नाही. जात घरात कशी राहते, हे मी पुस्तकांतून पुष्कळ वाचलं. तिचा इतका घरगुती, इतका सभ्य चेहरा मात्र मला चारूत दिसला. चित्रपटाच्या शेवटी चारूला रक्त लागतं आणि जुळतं ते सुजाताचंच. ही जुळवाजुळव कथानकाची सोय आहे, हे मान्य. पण शुद्धीवर आल्यानंतरची चारू खरी वाटते, कारण तोवरचा तिचा दुरावा खरा होता. ओल्या डोळ्यांची सोशिक आई म्हणणाऱ्यांनी सांगावं, या बाईत सोशिक काय आहे? ती सोसत नाही, दुसऱ्याला सोसायला लावते.

अभ्यासकांच्या तक्रारीत एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि तिच्यापाशी मलाही थांबावं लागतं. ‘सुजाता’ आला तेव्हा सुलोचनाबाई एकतीस वर्षांच्या होत्या. नूतन 1936 ची. म्हणजे आई मुलीपेक्षा फक्त आठ वर्षांनी मोठी. त्याआधी 1953 मध्ये, पंचविशीत, ‘वहिनीच्या बांगड्या’मध्ये त्या धाकट्या दिरावर आईची माया करत होत्याच. पुढे अडीचशेहून अधिक हिंदी चित्रपटांत त्यांच्या वाट्याला आलं ते मुख्यतः आईपण. बरोबरीच्या वयाचे नायक त्यांच्या पाया पडत राहिले. हिंदी चित्रपटसृष्टीने एका पूर्ण नटीला एका नात्यात बंद केलं. पद्मश्री (1999) आली, महाराष्ट्रभूषण (2009) आला; दोन्ही वेळी गौरवाची भाषा पुन्हा आईचीच. 4 जून 2023 रोजी त्या गेल्या, तेव्हाही मथळ्यांत आईच गेली होती, अभिनेत्री नव्हे.

इथवर आल्यावर माझा राग अभ्यासकांवरून सरकून आपल्या सगळ्यांवर येतो. कारण जिजाऊंचं आम्ही काय केलं? 12 जानेवारी 1598 ला सिंदखेडला लखुजी जाधवांच्या वाड्यात जन्मलेली ही मुलगी. 1629 मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर, निजामशाही दरबारात, तिच्या वडिलांची आणि भावांची हत्या झाली, तेव्हा शिवाजी पोटात होता. पुढे पुण्याची उजाड जहागीर तिच्या देखरेखीखाली वसली. 1666 मध्ये महाराज आग्र्याला गेले तेव्हा मागे राज्याचा भार तिच्यावर होता. राज्याभिषेक पाहून काही दिवसांतच, 1674 च्या जूनमध्ये, पाचाडला ती गेली. एवढ्या मोठ्या राजकीय आयुष्यातून आम्ही उचललं काय, तर मांडीवरच्या बाळाला गोष्टी सांगणारी माउली. माहेरचं रक्त सांडलेली, दोन दरबारांचं राजकारण जवळून पाहिलेली बाई आम्हाला पेलली नाही.

सुलोचनाबाईंना मात्र ती थोडीफार दिसली असावी, असं मला वाटतं. त्यांची जिजाऊ आवाज चढवत नाही, आज्ञा देते. ती मुलाकडे कौतुकाने बघतेच, पण त्याआधी त्याला तोलते. भालजींच्या चित्रपटात भावुकता भरपूर आहे, तरी ही बाई तिच्यात वाहून जात नाही.

दरवर्षी 12 जानेवारीला सिंदखेडराजाला प्रचंड जनसागर लोटतो. पुस्तकांचे स्टॉल लागतात, व्याख्यानं होतात, तरुण मुली फेटे बांधून येतात. त्याच दिवशी तिथे मोठा पडदा लावून ‘मराठा तितुका मेळवावा’ आणि ‘सुजाता’ लागोपाठ दाखवावेत, असा माझा आग्रह आहे. आधी जिजाऊ, मग चारू. एकच नटी, मधे पाच वर्षांचं अंतर, आणि दोन अशा आया की एकीच्या घरात दुसरीला उभं राहता येणार नाही. बुलढाण्यातल्या त्या अभ्यासकांनाही जरूर बोलवावं. चर्चेला मी येईन.