नित्यकर्म म्हणून चित्र

रोज ठरलेल्या वेळी ॲक्रिलिक रंगांत एक लहान चित्र करायचे, असा नेम अनेक चित्रकार पाळतात. चित्र पोस्टकार्डाएवढे किंवा फार तर वहीच्या पानाएवढे असते आणि बहुधा एका बैठकीत पुरे होते. या साध्या नेमातून धर्मविचारातला एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. ज्या कृतीतून वस्तू निर्माण होते, जिला दाद मिळते आणि किंमतही येते, ती कृती उपासना ठरू शकते का? ठरत असेल, तर कोणत्या अटीवर?

या प्रश्नाला पूर्वमीमांसेतील कर्मविभागणी उपयोगी पडते. संध्यावंदनासारखे रोजचे कर्म नित्य. ग्रहणातील स्नानासारखे प्रसंगाने येणारे नैमित्तिक. पुत्र, धन, स्वर्ग अशा इच्छेने केलेले काम्य. नित्य आणि काम्य यांतला भेद केवळ हेतूचा नाही. काम्य कर्म सर्व अंगांसह बिनचूक व्हावे लागते, एरवी फळ मिळत नाही. नित्य कर्माला मात्र ‘यथाशक्ती’ ही मुभा आहे. साहित्य कमी असले, शक्ती अपुरी असली, तरी जमेल तेवढे केल्याने ते पार पडते. न करणे हाच त्यातला दोष.

रोजच्या लहान चित्राचे स्वरूप या लक्षणाशी जुळते. प्रदर्शनासाठी केलेले मोठे चित्र बिघडले तर श्रम वाया जातात, कारण ते फळासाठी मांडलेले असते. रोजचे चित्र फसले तरी त्या दिवसाचा नेम मोडत नाही. थकलेल्या संध्याकाळी कागदावर दोनच रंगांचे पट्टे उमटले, तरी बसणे झालेले असते. आकार लहान ठेवण्याचे खरे कारण येथे आहे. नेम माणसाच्या रोजच्या शक्तीत मावला पाहिजे.

माध्यमाचाही यात वाटा आहे. पाण्यात कालवता येणारे ॲक्रिलिक रंग १९५०च्या दशकात चित्रकारांच्या हाती आले. रंगद्रव्य ॲक्रिलिक पॉलिमरच्या दुधाळ द्रवात मिसळलेले असते. पाणी उडून गेले की पॉलिमरचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तैलरंगाचा थर वाळायला दिवस लागतात. ॲक्रिलिकचा पातळ थर काही मिनिटांत वाळतो. त्यामुळे तासाभरात थरावर थर देता येतात, आणि झालेले मागे घेता येत नाही, फक्त झाकता येते. वसईसारख्या किनारपट्टीच्या दमट हवेत पावसाळ्यात वाळायला थोडा अधिक वेळ लागतो.

चित्र काढणे उपासना ठरू शकते का, या प्रश्नाचे ठळक उदाहरण वसईच्याच पालघर जिल्ह्यात आहे. वारली समाजात लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि त्यात पालघाट देवी असते. चौकाशिवाय लग्नविधी पुरा होत नाही. हे चित्र म्हणजे शुद्ध नैमित्तिक कर्म आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांनी ही चौकट ओलांडली. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही कला कागदावर येऊन गावाबाहेर पोहोचली. म्हशे प्रसंगाची वाट न पाहता रोज चित्र काढत राहिले. पुढे शेणाने सारवलेल्या कापडावर पांढऱ्या ॲक्रिलिकने त्यांनी जाळी, शेते, मुंग्या, तारपा या वाद्याभोवतीचा नाच रंगवला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

विधीतून सुटलेल्या चित्राचे पावित्र्य गेले का? येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. लग्नातला चौक पवित्र असतो, कारण विधी त्या वस्तूला पावित्र्य देतो. काढणारीच्या मनःस्थितीवर ते अवलंबून नसते. कापडावरच्या चौकाची पूजा होत नाही. रोजच्या चित्रात पावित्र्य येणारच असेल, तर ते करणाऱ्याच्या ठायी येते.

पावित्र्य करणाऱ्याच्या ठायी येते, हे प्रार्थनेच्या आवर्तनातही दिसते. वसईतील गिरीज या गावी हिरा डोंगरीवर दत्तमंदिर आहे आणि आसपासच्या ख्रिस्ती वस्तीत जपमाळेची परंपरा आहे. जपमाळेच्या ५ दशकांत मरियेची तीच प्रार्थना ५० वेळा म्हटली जाते, पण प्रत्येक दशकाला ख्रिस्त आणि मरिया यांच्या चरित्रातील वेगळ्या घटनेचे चिंतन जोडलेले असते. दत्तभक्ताचे नामस्मरणही शब्द न बदलता चालते. दोन्हीकडे शब्द स्थिर राहतात, म्हणून मनाला खोल जाण्याची मोकळीक मिळते. चित्रकलेतही आवर्तन असेच काम करते. नागपूर आणि मुंबईत कलाशिक्षण घेतलेले चित्रकार सय्यद हैदर रझा १९६२ मधील अमेरिकेतील वास्तव्यानंतर हळूहळू ॲक्रिलिककडे वळले आणि पुढे अनेक दशके बिंदू रंगवत राहिले. शाळेत चंचल असताना शिक्षकांनी भिंतीवरच्या ठिपक्याकडे एकटक पाहायला लावले होते, ही त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. आवर्तनाने त्यांची कला आटली नाही; रंग आणि भूमिती यांचा शोध त्याच बिंदूभोवती वाढत गेला.

रोजचे चित्र नित्यकर्मासारखे आहे, या मतावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. उंबरठ्यावरची रांगोळी पुसली जाते, पार्थिव शिवलिंग पूजेनंतर पाण्यात विसर्जित होते. तेथे त्याग कृतीतच गुंफलेला आहे. ॲक्रिलिकचे चित्र मात्र टिकते, साठते, विकले जाते. मग नित्य म्हणून सुरू झालेले कर्म नकळत काम्य होणार नाही का? हा धोका खरा आहे. चित्रे मोजली जाऊ लागली, कोणते आवडेल याचा अंदाज घेऊन रंग निवडले जाऊ लागले, की नेम बाहेरून तसाच राहतो आणि आतून बदलतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात याचे उत्तर मिळते. नियत कर्म कर्तव्य म्हणून करावे, आसक्ती आणि फळ सोडावे. यालाच तेथे सात्त्विक त्याग म्हटले आहे. वस्तू नष्ट करण्याची अट तेथे नाही. रांगोळीचा त्याग वारा आणि पावले करतात. टिकणाऱ्या चित्राचा त्याग चित्रकाराला स्वतः करावा लागतो, म्हणून तो अधिक अवघड आहे. चित्र विकल्याने तो मोडत नाही. विक्रीने उद्याचे चित्र ठरवले, तर मोडतो.

रोज रंग लावलाच पाहिजे, असाही याचा अर्थ नाही. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) वर्षाकाठी मोजकीच चित्रे करत. त्यांची साधना बरीचशी पाहण्यात आणि थांबण्यात होती. नेमाचे रूप प्रत्येकाचे वेगळे असू शकते, मात्र तो आवडीनिवडीवर सोडलेला नसावा.

यावरून दोन कसोट्या निघतात. पाहणारा, घेणारा कोणी नसतानाही चित्रकार त्या वेळी बसतो का? आणि पुरे झालेले चित्र, चांगले वा वाईट, बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाकडे तितक्याच आदराने वळतो का? दोन्हींना होकार असेल, तर लहान चित्राचा हा नेम उपासना आहे. नसेल, तर तो चांगला सराव आहे. कलेला त्याचाही लाभ होतो, पण त्याला साधना म्हणता येत नाही.